भिंतीवरून आलेली बरणी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तुमच्या आईने बेकनचा तवा सिंकमध्ये रिकामा केला, आणि मी इथून चेन्नईहून "थांब" असं इतक्या जोरात म्हणाले की तुम्ही दोघं नाश्ता सोडून धावत आलात. काय झालं, आजी, म्हणून विचारलंत. मी विषय बदलला. पण ते "थांब" माझं नव्हतं. ते आमच्या पेरांबूरच्या घराशेजारी राहणाऱ्या आँटीचं होतं. तुमच्या आईला तिची गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, कारण ती तेव्हा फ्रॉकमध्ये होती. उरलेली अर्धी मला एकटीला माहीत आहे, आणि माझं वय तुम्हाला माहीत आहे. म्हणून आता लिहिते.

आँटी अँग्लो-इंडियन. तिचा नवरा, म्हणजे अंकल, रेल्वेत मेल गाडी चालवून निवृत्त झालेला. आम्ही पुण्याहून नवीन आलो होतो. तुमच्या आजोबांना अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. दोन घरांमध्ये छातीइतक्या उंचीची भिंत होती. पहिल्याच रविवारी मी बेकनचा तवा मोरीवर नेताना त्या भिंतीपलीकडून हाक आली, "थांब. ओततेस काय, मेन?"

ती इंग्रजी बोलायची, मधे मधे तमिळ पेरलेलं. मी ते इथे मराठीत लिहिते आहे, फक्त तिचा "मेन" तसाच ठेवला आहे. तिच्या लेखी बायका, पुरुष, मासळीवाली, मांजर, सगळे "मेन" होते.

तुम्हाला आश्चर्य वाटेल की आपल्या घरात बेकन कुठून. तुमच्या आजोबांना ते कॉलेजच्या वसतिगृहात आवडायला लागलं, आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, माझं मन या बाबतीत मोकळं होतं. पण करायचं कसं, ते मला येत नव्हतं. मी तवा लालबुंद तापवून त्यात पट्ट्या टाकायची आणि घरभर धूर करायची. आँटीने भिंतीवर कोपरं टेकून मला शिकवलं. तवा थंड हवा. बेकन त्यावर ठेवून मग गॅस लावायचा, अगदी बारीक, आणि चमचाभर पाणी शिंपडायचं. चरबी आपली आपण सुटते. "चरबी आणि नवरा," ती म्हणायची, "दोन्ही मंद आचेवर, मेन. घाई केलीस की करपतात आणि मग घरभर वास."

मग ती चरबी जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायची, कारण खाली राहिलेल्या जळक्या कणांनीच ती खवट होते. कोमट असताना बरणीत भरायची. बरणीला पाणी लागू द्यायचं नाही, ओला चमचा घालायचा नाही. मद्रासच्या उन्हाळ्यात ती बाहेर टिकत नाही, म्हणून फ्रिज हवा. फ्रिज आमच्याकडे होता, आँटीकडे नव्हता. बरणीही माझीच, आईने लिंबाचं लोणचं घालून दिलेली चिनी मातीची. अशी दोन घरांत मिळून एक बरणी झाली. एका रविवारी बेकन तिने आणायचं, एका रविवारी मी. अंडी, बटाट्याचे काप, कोबी, सगळं त्या चरबीत. मी त्यात थालीपीठ लावून पाहिलं तेव्हा आँटीने ते भिंतीपाशीच उभ्या उभ्या खाल्लं आणि म्हणाली, तुझ्या लोकांना एवढं चांगलं काही येत असेल असं वाटलं नव्हतं.

आता सासूबाई. म्हणजे तुमच्या पणजीबाई. त्या पहिल्यांदा पुण्याहून आल्या तेव्हा मला बरणीची आठवणच राहिली नाही. मासे चालत असत त्यांना, पण डुकराचं नाव घरात काढायची सोय नव्हती. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आले तर त्या देवापाशी निरांजन हातात घेऊन बसलेल्या आणि शेजारी ती बरणी उघडी. "अगं, तूप फार छान कणीदार झालंय तुझं," त्या म्हणाल्या. खिडकीतून आँटीने हे पाहिलं असावं. ती भिंतीपाशी येऊन शांतपणे म्हणाली की तिच्या नवऱ्याच्या गुडघ्यांचं औषध तुमच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, ते जरा देता का, चोळायची वेळ झाली. मी ते मराठीत सांगताच सासूबाईंनी बरणी अशी दूर सारली जणू चटका बसला.

खोटं बोलताना आँटीचा चेहरा चर्चमध्ये बसल्यासारखा व्हायचा. डोळे किंचित खाली, ओठ मिटलेले. त्या दिवशी माझा तिच्यावर जीव जडला. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर रिवाजच पडला. सासूबाई यायच्या आदल्या दिवशी बरणी भिंतीवरून तिकडे जायची. तिकडे दुसरी अडचण होती: अंकलच्या छातीत एकदा दुखलं होतं आणि डॉक्टरांनी चरबी बंद केली होती. ते डॉक्टर अधूनमधून घरी येऊन स्वयंपाकघरात डोकावत. ते येणार असले की बरणी तातडीने इकडे. "डॉक्टर येतोय, मेन. चार दिवस लपव." मी हात पुढे करायची. कारण विचारायचं नाही, हे ठरलेलं. एकदा या धांदलीत बरणीचं झाकण फुटलं. आँटीने अंकलच्या गाडीवरच्या एनॅमलच्या मगाचं झाकण आणून बसवलं. निळ्या काठाचं. ते असं चपखल बसलं की जणू त्याच बरणीसाठी केलेलं.

त्या काळात अँग्लो-इंडियनांतली कितीतरी कुटुंबं ऑस्ट्रेलियाला जात होती. आँटी त्यांची फार टिंगल करायची. "घरी चाललो म्हणतात, मेन. जन्म इथल्या जोलारपेटचा, आणि घर म्हणे पर्थ. मला माझ्या आईशेजारी पुरा, किलपॉकच्या सिमेंटरीत. जागा बघून ठेवलीय." तिची मुलगी पर्थला होती आणि सारखी बोलवत होती. आँटी म्हणायची, तिकडे गेले तर कुणाशी भांडू.

मग तुमच्या आजोबांना चिंचवडच्या एका कारखान्याने बोलावलं. पगार जास्त, पुणं, माझं माहेर. मी रात्रंदिवस तेच मनात घोळवत होते. सकाळी भिंतीशी आँटीला सांगितलं. ती भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत म्हणाली, "तू गेलीस तर त्या बरणीचं मी काय करू?"

मी आजोबांना नको म्हणाले. कारणं दुसरी सांगितली, तुमच्या आईची शाळा वगैरे. खरं कारण ते होतं. मला बहीण नव्हती, मुलांनो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या व्हरांड्यात लाकडी खोकी दिसू लागली. रंधा मारून गुळगुळीत केलेली, पट्ट्या मारलेली. मी विचारलं तेव्हा आँटी म्हणाली, चर्चचे जुने कपडे आहेत, बंगळूरच्या कॉन्व्हेंटला पाठवायचे. एका रविवारी मी थालीपीठ घेऊन गेले तर घराला कुलूप. संध्याकाळी म्हणाली, डोकं धरलं होतं, बहिणीकडे जाऊन पडले होते. डोळे किंचित खाली, ओठ मिटलेले.

आणि एका सकाळी भिंतीवर बरणी आली. काठोकाठ भरलेली, स्वच्छ गाळलेली, झाकण घट्ट. "डॉक्टर येतोय, मेन. चार दिवस लपव."

मी हात पुढे केले. कारण विचारायचं नव्हतं.

चार दिवस झाले, आणखी काही झाले. पलीकडे भांड्यांचा आवाज नव्हता, रेडिओ नव्हता. मला वाटलं अंकलला दवाखान्यात नेलं असणार. बटाटे उकडून, डब्यात भरून मी फाटकातून आत गेले. घरमालक नळी लावून व्हरांडा धूत होते. खोकी गेली होती. ते म्हणाले, ऑस्ट्रेलियाला गेले ना, अम्मा. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून पाणी बंद केलं आणि विचारलं, "तेरियादा?" माहीत नाही?

दूधवाल्याला माहीत होतं. मासळीवालीला माहीत होतं. ज्या रविवारी तिचं डोकं धरलं होतं, त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये तिचा निरोपाचा चहा झाला होता, केक कापून. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आजोबा संध्याकाळच्या लोकलने आले. बुटाची नाडी सोडायला वाकले आणि मी सांगितलं, आँटी गेली. ते वाकलेलेच राहिले. तेव्हा मला ती खोकी आठवली. इतकं सफाईदार काम गल्लीतल्या सुताराचं नव्हतं. ते अंबत्तूरचं, आजोबांच्या कारखान्यातलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

ते हो म्हणाले. आँटीने त्यांना शपथ घातली होती. "ती म्हणाली, तिच्या तोंडाकडे बघून मला जाता यायचं नाही."

"आणि माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलता आलं?"

पुढे बरेच दिवस आजोबांना जेवायला फोडणीशिवायचे उकडलेले बटाटे मिळाले आणि त्यांनी ते निमूटपणे खाल्ले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

मला तिच्या जाण्याचं दुःख इतकं नव्हतं. मुलगी तिकडे होती, कोणतीही आई गेली असती. सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, मग स्टेशनवर जाऊन डबा दिला असता. पण जे खोटं आम्ही दोघींनी जगासाठी बनवलं होतं, सासूबाईंसाठी, डॉक्टरांसाठी, तेच तिने माझ्यावर वापरलं. त्याच भिंतीवरून, त्याच शब्दांत. ज्यांच्यापासून बरणी लपवायची, त्या लोकांत तिने मलाही जमा केलं.

नाताळात पर्थहून कार्ड आलं. माफी नाही, खुलासा नाही. हवा कोरडी आहे, अंकल बरे आहेत, आणि बरणी भरलेली आहे ना. मी उत्तर लिहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच आलं. मी तेव्हाही लिहिलं नाही, आणि त्याची मला खंत नाही.

चरबी मात्र मी फेकली नाही. आम्ही त्यातलं काहीच वापरलं नाही, ती फ्रिजमध्ये तशीच राहिली. एका मे महिन्यात वीज गेली ती दोन-तीन दिवस आली नाही, आणि चरबी खवट झाली. आँटीनेच शिकवलं होतं की खवट चरबी मोरीत ओतायची नाही, लोखंडाला लावायची. मी ती आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावली. वर्षानुवर्षं करकरणारं फाटक गप्प झालं. त्यानंतर कुणी आलं तरी मला आतून कळत नसे, आणि मी दर करकरीला मान वर करून बघायची ती सवयही सुटली.

पुष्कळ वर्षांनी तिची मुलगी मद्रासला आली तेव्हा आम्हाला भेटून गेली. आँटी तोवर गेली होती. पुरलं पर्थलाच. मुलगी म्हणाली, ममाच्या शेगडीपाशी शेवटपर्यंत चरबीचा डबा असे. डॉक्टर यायचा असला की ती डबा उचलून मागच्या दारात जायची आणि उभी राहायची. तिकडे कुंपण लांब होतं, आणि पलीकडच्या बाईंचं नावही तिला ठाऊक नव्हतं. मग परत येऊन डबा पलंगाखाली ठेवायची.

मुलीला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. मी तिला चहा दिला, थालीपीठ दिलं. बरं मला वाटलं नाही. इतकी आठवण येत होती, तर भिंतीवर कोपरं टेकून एकदा सांगायला काय झालं होतं?

तुमच्या आईला सांगा, तवा थंड असताना बेकन ठेव, आणि चरबी गाळून घे. सिंक तुंबतं.

पेरांबूरचं ते घर पाडलं, भिंतही गेली. बरणी माझ्याकडे आहे. झाकण तिचं आहे, निळा काठ थोडा उडालाय, पण अजून घट्ट बसतं. आत मी मीठ ठेवते.