विमलकाकूंचा मिक्सर

ज्यांचं माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे, त्या विमलकाकू. इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या निवृत्त मराठी शिक्षकांच्या, म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांच्याबाबतीत मी जे केलं ते बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला आज का सांगतोय? – मलाही नीट उमगलेलं नाही.

आमच्या घरात अकरावी पाहिलेलाही कुणी नव्हता. वडील केळीच्या बागेत घड उतरवायचे. कॉलेजची चार वर्षं मी गावाहून सायकलने यायचो आणि अभ्यासाला सरांच्या बाहेरच्या खोलीत बसायचो. जेवण काकूंकडे. मी पुस्तक उघडलं की आतून आवाज यायचा, "बेटा, पहिले जेवून घे. पुस्तक कुठं पळून चाललं?" चार वर्षांत त्या घरात कुणी माझी जात विचारली नाही, की किती पोळ्या खाल्ल्या ते मोजलं नाही.

सर शब्द गोळा करत होते. तापीकाठी बोलले जाणारे, पुस्तकांत न सापडणारे. निम्मे काकूंचेच – त्यांचं माहेर असीरगडच्या पायथ्याशी. त्या भाजी निवडताना एखादा शब्द बोलून जायच्या आणि सर वही शोधत धावायचे. मग मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला. सर दोन बोटांनी टाइप करू लागले. तीन वर्षं. एक वही उतरवून झाली की ती घेऊन राजघाटावर जायचे आणि तापीत सोडायचे. लिहिलेला कागद रद्दीत जाऊन त्यात भजी बांधली जावीत, हे त्यांना सोसायचं नाही. शेवटची वही सोडून आले तेव्हा पेढे आणले होते. – मी दोन खाल्ले.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून नवी सिस्टीम टाकायची ठरलं. कॉलेजात मी तेच शिकत होतो, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. सर बाजारात गेले होते. सीडी लावली, पडद्यावरचा आकडा सरकू लागला. तेवढ्यात काकूंनी शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला.

इथे थांबतो जरा. कारण मी सगळ्यांना जे सांगत आलो, ते इथपर्यंतच खरं आहे.

फ्यूजची तार मीच बदलली. कॉम्प्युटर सुरू झाला, अडखळला, पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिला. मग पडद्यावर प्रश्न आला: जुनी सिस्टीम परत आणायची का? फक्त 'होय' म्हणायचं होतं. सगळं होतं तिथे जागेवर आलं असतं. पण जुनीच परत आली, तर सरांना काय सांगायचं – की मला जमलं नाही? ज्याला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमचा इंजिनियर' म्हणून दाखवायचे, त्याला? मी 'नाही' केलं. डिस्कचा 'सी' भाग, जिथे सिस्टीम असते, तो पूर्ण पुसून कोरा करायचा पर्याय निवडला. लोक आपलं सामान डिस्कच्या दुसऱ्या, 'डी' भागात ठेवतात, हे पाठ होतं. सरांचंही तिथेच असणार असं धरलं. विचारायला हवं, हे कळत होतं. ते अर्ध्या तासात येणार होते. अर्धा तास थांबायला माझं काय जात होतं?

'डी'मध्ये लग्नाचे फोटो निघाले. शब्द सरांनी समोरच, पडद्यावर ठेवले होते – डोळ्यांसमोर असावेत म्हणून. आणि पडद्यावरचं सगळं 'सी'मध्येच असतं.

सर आले. मी म्हणालो, "सर, मिक्सरने लाइट गेली. त्यात सगळं गेलं."

सर खुर्चीवर बसले. पिशवी हातातच होती. मग स्वयंपाकघराकडे न बघता काकूंना म्हणाले, "तुला दहा मिनिटं थांबता नाही आलं?"

काकूंनी मिक्सरची वायर काढून गुंडाळली. चटणी तशीच भांड्यात राहिली. त्या दिवशी तरी मी खरं सांगायला हवं होतं ना? त्याच महिन्यात सरांनी माझ्या नोकरीसाठी पत्र दिलं. त्यात 'विश्वासू' असा शब्द होता.

सरांनी पुन्हा काही गोळा केलं नाही. कधी घरी गेलो तर बघायचो – काकू चटणी पाट्यावर वाटायच्या. कधी मिक्सर लावायचाच झाला तर दारात येऊन विचारायच्या, "लावू का?" कॉम्प्युटर मोडीत गेला तरी विचारायच्या. अकरा वर्षं.

सर गेले. तेराव्याला कुणीतरी त्यांच्या कामाबद्दल विचारलं. काकू म्हणाल्या, "पुस्तक होणार होतं. माझ्या हातून गेलं." मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पानात वाढलेलं जेवत होतो.

नंतर आठवड्याने हे पत्र पोस्टात टाकलं.

ती. काकूंना,
शि. सा. नमस्कार.
त्या दिवशी तुमच्या मिक्सरने फक्त लाइट गेली होती. तार बदलल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला होता. जुनं सगळं परत हवं का, असं त्याने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं आणि सगळं पुसलं, सरांना न विचारता. मग सरांना खोटं सांगितलं. ते तुम्हाला जे बोलले ते माझ्या वाट्याचं होतं. तुम्ही माझ्यासमोर अकरा वर्षं ते स्वतःचं मानलंत आणि मी मानू दिलं. हे पत्र कुणालाही दाखवा.
सरांचे शब्द मी घालवले. तुमच्या हातून काहीच गेलं नव्हतं.
मोहन