वाकलेली फ्लँज

शनिवार पेठेत आज कुणीतरी ग्रिलला वेल्डिंग करत होतं. त्या जळक्या वासाने मला थेट हिंजवडीच्या जुन्या साइटवर नेऊन उभं केलं.

बीम जिथे खांबाला जोडला होता, तिथे खांबाची फ्लँज, म्हणजे बाजूची जाड पट्टी, ओढीने वाकली होती. सगळ्यांदेखत मी वेल्डर रशीदचाचांवर नाटकातल्या राजासारखा गरजलो, "उद्यापासून येऊ नका."

चाचांनी माझंच ड्रॉइंग उलगडलं. "साहेब, मागून आधाराच्या प्लेटा हव्यात. आपण दाखवल्याच नाहीत. मी विचारलं, तर म्हणालात, वेल्डरने वेल्डिंग करावं."

बीम मी तीनदा तपासला होता, खांबाची फ्लँज एकदाही नाही. तरी शब्द मागे घेतला नाही. चाचा गेले. प्लेटा दुसऱ्या वेल्डरने बसवल्या आणि त्याची मी तोंडभरून स्तुती केली.

त्या राजाला आज मी पेठेतल्या शेलक्या शिव्या घालतो.