चुप्प कॉम्प्युटर

सिटी सेंटरमधल्या तरुणच्या दुकानात लोक कॉम्प्युटर बघायला येतात. विनिता जगदाळे ऐकायला गेली होती. काउंटरवर मांडलेला एकेक पंखा ती चालू करायला लावायची, त्याच्याजवळ कान न्यायची आणि नाक मुरडून म्हणायची, "दूसरा दिखाइए."

तरुणनं तिला आधी लाल-निळ्या दिव्यांचा काचेचा डबा दाखवला होता. त्या डब्यापुढे भलेभले विरघळतात, हा त्याचा अनुभव.

"भाभीजी, पूरा कमरा चमक उठेगा."

"कमरा चमकाना नहीं है भैया, चुप कराना है."

असं बोलणाऱ्या बाईला कुठला दुकानदार शहाणी म्हणेल? पण विनिताचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. तिला आपल्या सासूला पुन्हा बोलतं करायचं होतं.

विनिता चंबळकडच्या हिंदी मुलखात, दाना ओली या जुन्या गल्लीत राहते आणि लग्नपत्रिकांचे व्हिडिओ बनवते. गणपती प्रकटतो, पाकळ्या पडतात, नवरानवरीची नावं गिरक्या घेत येतात. दर लग्नसराईत त्याच पाकळ्या आणि त्याच गिरक्या. आपल्या मनासारखं काहीतरी करावं, असं तिला फार वाटायचं. आणि घरातच खाण होती. सासूबाई, विजयाबाई, स्वतः गोष्टी रचून सांगायच्या. चंबळच्या बेहडांत, तिथल्या उजाड घळींत, एका उंटिणीच्या गळ्यातली घंटा हरवते, ही त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट. विनितानं तिची चित्रं काढली, ती हलती केली, त्यावर सासूबाईंचा आवाज चढवला आणि ती पुण्याच्या एका बालप्रकाशनाला पाठवली. तिथल्या श्रुतीचा फोन आला. गोष्ट आवडली, चित्रं आवडली, पण आवाज स्वच्छ नाही, पुन्हा करून पाठवा.

दोष जुन्या कॉम्प्युटरचा होता. चित्रं समोर हलत असली तरच विजयाबाईंच्या सांगण्याला रंग चढायचा. पण चित्रं हलायला लागली की कॉम्प्युटर तापायचा, आणि तापला की त्याचा पंखा घोंघावायचा. घंटा हरवल्यावर बेहडात सगळं शांत होतं, तिथे विजयाबाई क्षणभर थांबतात. नेमकी त्याच जागी पंख्याची घरघर.

विनितानं हे दहादा समजावलं. पण विजयाबाईंना पटेल तर शपथ. "सून भली आहे, म्हणून मशीनच्या डोक्यावर खापर फोडते," त्या शेजारच्या उषाताईंना म्हणाल्या. "आवाज माझाच फाटलाय आता." त्या दिवसापासून गोष्टी बंद. भाजी निवडताना गप्प, जेवताना गप्प. ज्या बाईनं दूधवाल्यालासुद्धा अर्धी गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडलं नाही, ती अशी मुकी झाली, हे विनिताला बघवेना. म्हणून ती इथे पंख्यांना कान लावत होती.

अडचण अशी की ताकद आणि शांतता यांचं एकमेकींशी पटत नाही. हलत्या चित्रांना दमदार मशीन लागतं. दमदार मशीन तापतं, आणि तापलेल्याला वारा घालावा लागतो. तरुणनं सगळ्यात तगडं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं. त्याला तीन पंखे होते आणि तिन्ही तोंडाळ. विनितानं एक पायरी खालचं उचललं, कारण काम हलकं असलं की त्याचे पंखे आपोआप थांबायचे. हार्ड डिस्क कुरकुरते, म्हणून तिच्याऐवजी न फिरणारी, न कुरकुरणारी एसएसडी घेतली. चित्रांचे थर एकावर एक चढवायचे म्हणून रॅम मात्र भरपूर. प्रोसेसरवर बसवायला एवढा मोठा कूलर, की तो बघून तरुणलाच हसू आलं. पंखे थोराड आणि संथ. डबा काचेचा नको, जाड पत्र्याचा आणि आतून फोम लावलेला.

"इसमें तो कुछ दिखेगा ही नहीं," तरुण कळवळून म्हणाला.

"दिखे कुछ नहीं, सुनाई भी कुछ न दे."

मग मात्र तरुणला चेव आला. मशीन जोडून झालं तेव्हा त्यानं दुकानाचा एसी बंद केला, फोन बंद केले, गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. सगळं दुकान श्वास रोखून उभं राहिलं. कॉम्प्युटर चालू झाला आणि काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्यात कोपऱ्यातले एक काका शिंकले. विनिताला इतका आनंद झाला की तिनं काकांनाही धन्यवाद दिले.

मशीन घरी आलं ते ऐन खंडेनवमीच्या तोंडावर. जगदाळे घराणं मूळचं शिलेदारांचं. आता घरात लढाई होते ती फक्त टीव्हीच्या रिमोटवरून, पण शस्त्रपूजा चुकत नाही. पाटावर पणजोबांची तलवार, तिच्या शेजारी युवराजचा, म्हणजे विनिताच्या नवऱ्याचा, पान्यांचा डबा, शिलाई मशीन आणि यंदा हा नवा काळा डबा. विजयाबाईंनी तो आधी कौतुकानं पुसला. वर एक बारीक जाळी नुसती चिकटवलेली होती. तिच्यावर धूळ दिसली म्हणून त्यांनी ती काढली, धुतली आणि वाळत घातली. मग हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मूठभर अक्षता मनापासून टाकल्या.

दसरा झाला. विनितानं रजया टांगून खोलीतला आवाज दाबला आणि विजयाबाईंना कसंबसं माइकपुढे बसवलं. "तू म्हणतेस म्हणून बसते, फायदा काही नाही," त्या म्हणाल्या. पण पडद्यावर उंटीण चालू लागली आणि त्यांचा सूर लागला. घंटा हरवली. विजयाबाई थांबल्या.

टक्. टक्. टक्.

विजयाबाईंनी हेडफोन काढून ठेवले. चेहरा पडलेला.

"माझी कवळी वाजते आहे गं. बघ, मशीन नवं आणलंस, मी कुठे नवी होणार?"

"आई, कवळी नाहीये ती."

"झूठ नको बोलू. मला खुश करायला तू काहीही सांगशील."

विनिताला एकदम सुचलं. "कवळी काढा."

"काय?"

"काढा आणि नुसत्या बसा. बोलायचं नाही."

विजयाबाईंनी कवळी वाटीत ठेवली आणि तोंड गच्च मिटलं. विनितानं रेकॉर्डिंग चालू केलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टक्, टक्, टक्.

विजयाबाईंचे डोळे मोठे झाले. "अगं, हे मी नाही!" बोळक्या तोंडानं त्या ओरडल्या आणि टाळ्या पिटू लागल्या. विनिता मात्र कपाळाला हात लावून बसली. एवढे कान झिजवून आणलेलं मशीन आणि तेच वाजतंय!

तिनं तरुणला व्हिडिओ कॉल लावला, त्यानं सांगितलं तसं मशीन बंद करून बाजूचा पत्रा काढला. वरच्या पंख्याच्या कडेला कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता. खाली आणखी चारदोन पडले होते. पंखा फिरला की पातं दाण्याला टिचकी मारायचं.

"चावल?" तरुणचा आवाज चढला. "अम्माजी, नारियल तो नहीं फोड़ा न इस पर?"

"फोडणार होते," विजयाबाई कवळी बसवत म्हणाल्या, "युवराजनं अडवलं."

दाणे चिमट्यानं निघाले. जाळी जागेवर बसली. गोष्ट पुन्हा सुरू झाली, घंटा पुन्हा हरवली, विजयाबाई पुन्हा थांबल्या आणि या वेळी बेहड खरोखर शांत झालं.

रेकॉर्डिंग संपलं तसं विनितानं हेडफोन सासूबाईंच्या कानांवर चढवले. विजयाबाई ऐकत राहिल्या. डोळे भरले, ते त्यांनी पुसले नाहीत. विनितालाही हुंदका आवरेना. तिला वाटलं, बस, यासाठीच सगळा खटाटोप केला होता.

"पाठवू पुण्याला?" तिनं विचारलं.

विजयाबाईंनी पदर सावरला, खुर्ची माइकपुढे ओढली.

"थांब. उंटिणीच्या रडण्यात मी घाई केली आहे. परत घे."