बब्रुवानाची मोठी गाडी आणि माझं अंगण

बब्रुवान नव्या मोटारसायकलवरून लडाखला चाललाय, ही बातमी आमच्या आळीत सकाळी सुटली आणि दुपारच्या चहापर्यंत ढोकीच्या एसटी स्टँडावर पोचली. बिभीषण किराणावाल्यानं अक्रोड आणायला सांगितले. कुणी शाल सांगितली. आमच्या घरच्या मंडळींनी, प्रेमाबाईंनी, तर डिंकाचे लाडू वळले आणि डबा स्वतः नेऊन दिला. "भाऊजी, तिकडं लई गारठा असतो म्हनं." महिना एप्रिलचा, डोक्यावर बेचाळीसचं ऊन. बब्रुवानानं दोन लाडू उभ्या उभ्या खाल्ले आणि मग विचारलं, "कुठं वो वैनी, गारठा?"

बातमी खोटी होती. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण ती मीच सोडली होती. पण अगदीच हवेतून नव्हती काढली. पन्नाशीचा माणूस साडेतीनशे सीसीची ढब्बू क्रूझर घेतो, हातमोजे घेतो, काचेचं हेल्मेट घेतो, तो काय कडबा आणायला? मला आपलं लडाखच जवळचं वाटलं.

खरी गोष्ट अशी, की बब्रुवानाला वाशीला जायचं होतं. सासरवाडीला. ढोकीहून येडशी, येरमाळा, तेरखेडा, की आली वाशी. सव्वा-दीड तासाची वाट. पण बावीस वर्षांत तो तिथं एकदाही वेळेवर पोचला नव्हता आणि त्याला कारण होतो आम्ही. आम्ही म्हणजे आळी. आळीतही मुख्यतः मी.

बब्रुवान साखर कारखान्यावर वजनकाट्याला असतो. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, हा वजन बघतो, चिठ्ठी फाडतो. घरी नऊ एकर रान आहे. माणूस शांत, मिशी जाड, आणि एक व्याधी: 'न्हाय' म्हणायचं म्हटलं की त्याला ठसका लागतो. 'न्हा' पर्यंत येतो आणि खोकायला लागतो. खोकला थांबेपर्यंत समोरचा गाडीची किल्ली घेऊन गेलेला असतो.

ती जुनी गाडी शंभर सीसीची. किल्ली चौकटीवरच्या खिळ्याला. "बब्रुवान, पाच मिनिटात आलो रं," एवढं म्हटलं की गाडी आपली. तिच्यावरून आळीनं काय नाही नेलं? खताची पोती नेली, परीक्षेच्या पोरी नेल्या, बिभीषणाची आजारी शेळी दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेली. पुढं तिचं लॉक इतकं झिजलं की बिभीषणाच्या दुकानाची किल्लीसुद्धा चालायला लागली. मग विचारायचीही गरज उरली नाही.

मी तर चिकटून शेजारी. आमच्या दोन अंगणांमधली भिंत एका पावसाळ्यात कोपऱ्यात ढासळली. मी ती बांधली नाही. उलट आणखी चार-सहा दगड काढले, म्हणजे आळीतून वळसा न घालता गाडी थेट माझ्या अंगणात यावी. माझं अंगण पलीकडं मोठ्या सडकेला निघतं. सोय म्हणजे सोय! गाडीचा मुक्काम बरेचदा माझ्याकडंच असायचा. एकदा तर खुद्द बब्रुवान भिंतीपलीकडून विचारत होता, "महारुद्रा, उद्या गाडी रिकामी हाय का रं? जरा वाशीला जायचं होतं."

मी म्हटलं, "बघतो. दुपारनंतर जमंल."

त्याची बायको शिवकन्यावहिनी हे सगळं बघत होत्या. सख्ख्या भावाच्या, इंद्रजितच्या लग्नाला पोचल्या तेव्हा बँडवाले ढोल खोळीत घालत होते. बारशाला पोचल्या तेव्हा पाळण्यातलं पोर घुगऱ्या मागण्याइतकं मोठं झालं होतं, असं इंद्रजित म्हणतो. वाशीत रीतच पडली, "दाजींचं ताट झाकून ठिवा." वहिनींनी उपायही केले. एकदा गाडीचा प्लग काढून ज्वारीच्या कणगीत लपवला. पण मी तोवर एक जादा प्लग घेऊन ठेवला होता. शेजारधर्म म्हणून.

यंदा इंद्रजितच्या लेकीचं, वैष्णवीचं जमलं. साखरपुडा रविवारी अकरा वाजता, आणि पोरीला ओवाळून पाटावर बसवायचा मान आत्याचा. वहिनींनी जेवता जेवता नवऱ्याला शांतपणे सांगितलं. शांतपणे म्हणजे भिंतीपलीकडं आम्हाला नीट ऐकू येईल इतक्या शांतपणे.

"या वक्ताला वेळेवर न्हेलं, तर जन्मभर तुमच्या मागं बसते. न्हाय तर इथून म्होरं म्या एसटीनं. तुळजापूर असू द्या, दवाखाना असू द्या, नायतर रान. तुमी हिंडा एकलेच."

बब्रुवानाचा घास हातातच राहिला असणार. त्याला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून आवडतात. एक पिठलं, आणि दुसरा गाडीवर बसताना खांद्यावर पडणारा वहिनींचा हात.

मग त्यानं डोकं चालवलं. आपल्याला 'न्हाय' म्हणता येत नाही ना? तर गाडीच अशी घ्यायची, की मागायला कुणी धजणार नाही. जुनी शोरूममध्ये दिली आणि मोठी आणली. आम्ही आळीतले सात-आठ जण जुनीला निरोप द्यायला उभे होतो. बिभीषणाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याची दुकानाची किल्ली आता नुसती दुकानाचीच राहिली.

नवी आली ती दणदणत. टाकी घागरीएवढी, मागं आजारी माणसालाही टेकता येईल अशी पाठ, आणि आवाज असा, की गिरणी सुरू झाली समजून प्रेमाबाई दळणाचा डबा घेऊन बाहेर आल्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. खोबरं खाऊन होताच मी हात पुढं केला. "बब्रुवान, पाच मिनिटात आलो रं."

आणि नवल बघा. ठसका नाही, खोकला नाही. हसत हसत त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी बसलो. स्टँड काढला. गाडी जरा डावीकडं कलली. मी म्हटलं, कलू दे, सावरतो. ती आणखी कलली. मग कोण कुणाला सावरतंय ते कळेना आणि मी प्रेमाबाईंच्या दळणात बसलो. चौघांनी गाडी उचलली, मला कुणी उचललं नाही. माझ्यानंतर बिभीषणानं नुसतं हँडल धरून पाहिलं आणि म्हणाला, "मला दुकानात गिऱ्हाईक हाय." त्या दिवसापासून आळीत कुणीही गाडी मागितली नाही. बब्रुवान मिशीला पीळ देऊन झोपाळ्यावर बसला.

पण टनांत वजन करणाऱ्या माणसाला किलो दिसत नाहीत. गाडी दोन क्विंटलला थोडी कमी. बब्रुवानाचं अंगण आळीपासून आत उतरतं आणि आहे बोळासारखं चिंचोळं, एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंजी. जुनी गाडी तो तोंडानं आत घालायचा आणि एका हातानं मागं ओढून चढावर काढायचा. नवी आत गेली झोकात. दुसऱ्या दिवशी निघायला झालं, तर मागं येईना. फिरवायला जागा नाही. चढावर ओढायला तीन गडी हवेत. उलटी आत घालून बघितली, ती सरळ हौदाला भिडली. आळीत ठेवावी, तर तिथून ट्रॉल्या जातात.

तीन गडी कोण? आम्हीच. रोज सकाळी हाक यायची, "महारुद्रा, जरा हात लाव रं."

आता आमची जुनी गाडी गेल्याचं दुःख ताजं होतं. मी म्हणायचो, "पाच मिनिटात आलो." बिभीषणही म्हणायचा, "आलोच." आमची पाच मिनिटं किती लांब असतात हे बब्रुवानाला बावीस वर्षांचं पाठ होतं. तो सायकल काढून कारखान्यावर जायचा.

आला रविवार. साडेआठ वाजले. वहिनी जरीची साडी नेसून, ओवाळायचं ताट फडक्यात बांधून तयार. बब्रुवान हेल्मेट घालून गाडीवर. गाडीचं तोंड आत, शेपूट आळीकडं. त्यानं हाक मारली. मी ओट्यावर दाढी करत होतो, एक गाल झाला होता. ओरडलो, "पाच मिनिटात आलो!" बिभीषणाचं दुकान उघडं, पण बिभीषण पोत्यांमागं. दिसत नव्हता, नुसता शिंकत होता.

बब्रुवान घामाघूम. नऊ वाजत आले. वहिनींनी एकदा आळीकडं बघितलं, एकदा गाडीकडं, आणि एकदा समोर. समोर भिंतीतलं ते भगदाड होतं. मी बावीस वर्षं हौसेनं रुंद केलेलं.

"अवो," वहिनी म्हणाल्या, "ही गाडी मागं येत न्हाय ना?"

"कुठं येती?"

"मग म्होरं जाती की न्हाय?"

बब्रुवान गोंधळला. "म्होरं जाती की."

"मग चला की म्होरं!" आणि त्या मागं बसल्या, ताट मांडीवर, हात खांद्यावर.

पुढचं फार भरभर झालं. गिरणी सुरू झाली. भगदाडातून आधी हेल्मेट आलं, मग टाकी, मग वहिनी. कोंबड्या लिंबावर चढल्या. दोरीवरचा माझा पायजमा हेल्मेटला अडकून सडकेपर्यंत गेला. बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या तरी चिरडतील आणि आपल्याला भांडता येईल अशी मला आशा होती. पण प्रेमाबाईंनी धावत येऊन बाज उचलली, बाजूला धरली आणि वर म्हणाल्या, "जावा जावा, उशीर नका करू!" मी अर्ध्या दाढीनं उभा.

वाशीतलं वहिनींनी नंतर प्रेमाबाईंना सांगितलं, प्रेमाबाईंनी मला. ही दोघं सव्वादहाला दारात. इंद्रजित बनियनवर, खुर्च्या टेम्पोतच, नवरी मुलगी केस वाळवत होती. या दोघांना इतक्या लवकर बघून इंद्रजितनं आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तो धावत आला आणि हळूच म्हणाला, "दाजी... कोन गेलं?"

कुणी गेलं नाही कळल्यावर त्यानं दाजींना खुर्च्या मांडायला लावलं. वहिनींनी वैष्णवीला ओवाळून पाटावर बसवलं, अकराच्या ठोक्याला. बब्रुवानानं बावीस वर्षांत पहिल्यांदा वाशीत गरम जेवण केलं.

तेव्हापासून हाच रस्ता पडला. सकाळी आळीतून नाही, माझ्या अंगणातून. प्रेमाबाईंनी दोरी उंच बांधली. वहिनी जाता जाता थांबून कढीपत्ता तोडून घेतात. पाहुणे विचारतात, "ही सडक ग्रामपंचायतीची का?"

परवा मी आडवा झालो. गाडीपुढं उभा राहून म्हटलं, "बब्रुवान, ही काय वहिवाट हाय का? माझं घर हाय. उद्या भिंत बांधून घेतो म्या."

बब्रुवानानं हेल्मेटची काच वर केली. "न्हाय," म्हणाला.

स्पष्ट, पुरता, एका दमात. ठसका नाही, काही नाही. मागं वहिनींचा हात त्याच्या खांद्यावर होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि गाडीनं उडवलेली धूळ नेमकी माझ्याच घशात गेली. मी खोकत राहिलो. बब्रुवान माझा खोकला थांबेपर्यंत थांबला. तसा सभ्य माणूस. मग म्हणाला:

"बावीस वर्षं माझी गाडी तुझ्या अंगणात मुक्कामाला होती, महारुद्रा, तवा म्या चकार शब्द बोललो न्हाय. आता ती नुसती तिथनं जाती, तर तुला ठसका लागला व्हय?"