कण्याचा तुकडा

संग्रहालयाच्या दारात बोल्लोने ओढणीखालचा लाकडाचा तुकडा घट्ट धरला. तिच्या तानाबेरू गावात बोट बांधायला घेतली की तळाच्या कण्याची दोन्ही टोकं कापतात. पुढचं समुद्रात टाकतात, मागचं घरधनिणीकडे राहतं, नवरा परत येईपर्यंत. बोल्लोचा नवरा माप्पा समुद्रात बोटीसकट बेपत्ता झाला, त्याला अकरा वर्षं झाली. तिने तुकडा जपला आणि मौलवींना मयताची दुवा काही पढू दिली नाही.

मग कुणीतरी सांगितलं, किनाऱ्याला लागलेला एका बोटीचा सांगाडा मकासर शहराच्या संग्रहालयात ठेवलाय. मुलगी रोस तिला बसने घेऊन आली.

"जुळलं तर बाबा गेले, असं मानशील ना?" रोसने तिसऱ्यांदा विचारलं.

"आधी जुळू तर दे. बसल्यापासून तुझं एकच रडगाणं."

सांगाडा दिव्यांच्या उजेडात चकचकत होता. बोल्लो वाकून मागच्या टोकाशी गेली. तिच्या तुकड्यावर लाकडातली अर्धी गाठ होती. उरलेली अर्धी कण्यावर असायला हवी होती.

टोक रंध्याने गुळगुळीत केलेलं होतं. वर पॉलिश.

"मावशी, हात लावू नका!" रखवालदार धावत आला.

"हे टोक कुणी तासलं?"

"आमच्या सुताराने. कुजलं होतं ना. वीतभर काढून टाकलं. आता कसं छान दिसतं!"

"काढलेलं कुठंय?"

"अहो, जळणात गेलं असेल. कुजकं लाकूड कोण ठेवतं?"

बोल्लोने तरीही तुकडा लावून पाहिला. रखवालदाराने तोंड फिरवलं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. तुकडा कुठल्याही लाकडाला लागावा तसा लागला.

बाहेर पायरीवर रोसने केळीच्या पानातला भात सोडला. "आई, मानून घे ना आता. तीच बोट असेल. दुवा पढू, तूही सुटशील."

"मानून घ्यायचं असतं तर घरी बसून मानलं असतं. बसमध्ये ओकत इथवर कशाला आले असते?"

रोसने भात पुढे केला. बोल्लोने दोन घास खाल्ले, चव कसलीच लागली नाही.

गावात उतरल्यावर बायका फाटकाशी उभ्या असणार. बोट माप्पाचीच का, विचारतील. हो म्हटलं तर गळ्यात पडून रडतील, नाही म्हटलं तर धीर देतील. माहीत नाही म्हणणाऱ्या बाईशी कसं वागायचं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.