ट्वायलाबाई ट्रेलर मागे घेतात

मेस्किट बेंडच्या आमच्या चाकांवरच्या घरांच्या कॅम्पात त्या हिवाळ्यात एकच बातमी फिरत होती. ट्वायला स्टेनरूडबाई म्हणे रोज सकाळी पिकअपमध्ये बसून मेलेल्या नवऱ्याशी वॉकीटॉकीवर बोलतात. बातमी पाण्याच्या नळाशी ऐकली तर नवरा नुसतं ऐकून घ्यायचा; कपडे धुवायच्या खोलीपर्यंत पोचली की तो उत्तरंही द्यायला लागायचा.

"अगं, माझ्या या कानांनी ऐकलं," नदीन बीझली मशिनमध्ये टॉवेल कोंबत सांगायची. "'हारलन, नदीकडे घे. अजून नदीकडे.' आता मेलेल्या माणसाला नदीकडे कशाला न्यायचं गं? काटाच आला अंगावर!"

यातलं 'नदीकडे' तेवढं खरं होतं. वॉकीटॉकीत सेलसुद्धा नव्हते. बाई बोलत होत्या त्या स्वतःशीच. मागे उभं राहून सांगणारी ट्वायला त्याच, आणि पुढे बसून चाक फिरवणारा हारलनही त्याच. बंद गाडीत बसून त्या ट्रेलर मागे घ्यायची तालीम करत होत्या.

पिकअपला जोडलेला राहता ट्रेलर मागे घेत जागेत घालणं ही कॅम्पातली कला आहे, करमणूक आहे, आणि बऱ्याच संसारांची परीक्षाही. दुपार उतरली की नवी बिऱ्हाडं यायला लागतात. मग सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या सावलीत ओढतात आणि बसतात. नवरा पिकअपमध्ये, बायको मागे हात हलवत.

"डावीकडे, डावीकडे!"

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"डावीकडे म्हणजे डावीकडेच रे! माणसाला दोन डावीकडे असतात का?"

"मग हात उजवा का हलवतेयस?"

"माशी होती!"

असा खेळ रंगतो. शेवटी बायको ट्रेलरमागे जाऊन रडते, नवरा टेबलाला लाथ मारतो आणि प्रेक्षकांपैकी रोलंड बीझली उठून म्हणतो, "मी सांगू का?" रोलंड हा नदीनचा नवरा. सगळी हयात मोठा ट्रक चालवण्यात गेली, असं तो सांगतो. गेल्या वर्षी तो छतावरचा ॲण्टेना खाली न घेताच निघाला आणि अर्धं झाड सोबत घेऊन गेला, हे मात्र बाकीच्यांना सांगावं लागतं.

स्टेनरूड नवराबायको आले की खुर्च्यांवरचे लोक हिरमुसायचे. त्यांच्यात भांडणच नसायचं. मिनेसोटातलं घर विकून दोघं कायमचे या चाकांवर राहायला आले, तेव्हाच ट्वायलाबाईंनी डावं-उजवं हे शब्द काढून टाकले होते. जिथे मुक्काम असेल तिथे उतरून आधी दोन खुणा ठरवायच्या. एके ठिकाणी तळं आणि न्हाणीघर, दुसरीकडे चर्च आणि पेट्रोलपंप. मेस्किट बेंडला नदी आणि डोंगर. "नदीकडे… पुरे. आता डोंगराकडे… ये, ये, ये… बास." हारलन ट्रेलर असा आत घालायचा, जशी म्यानात सुरी जावी. मग उतरून टोपी काढून बायकोला म्हणायचा, "आभारी आहे, बाईसाहेब." प्रत्येक मुक्कामाला. ठरलेलंच.

मागच्या पानगळीत इथे पोचले आणि पुढच्याच आठवड्यात हारलनचं हृदय थांबलं. गाडी तशीच उभी राहिली. त्यानंतर कॅम्पाने ट्वायलाबाईंना सांभाळलं, ते कुणी न सांगता. पायरीवर नूडल्सच्या कॅसरोलचं भांडं यायचं, वर झाकण, नाव नाही. वारा सुटला की कुणीतरी त्यांचं कापडी छत गुंडाळून ठेवायचं. सांडपाण्याची टाकी भरायच्या आत रिकामी व्हायची. कोण करतं हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. बाई रोज रात्री झोपताना त्या सगळ्यांची नावं घ्यायच्या, देवाला कळावं म्हणून. आणि नक्की कोणी केलं हे ठाऊक नसल्याने आख्ख्या कॅम्पाचीच घ्यायच्या. रोलंडचंही.

पण उन्हाळा जवळ आला. इथे उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नाही. पाणी बंद होतं, माणसं उत्तरेला डोंगरात जातात. ट्वायलाबाई जाणार कशा? पुढे चालवायला त्यांना यायचं. मागे कधी घेतलंच नव्हतं, आणि जिथे जावं तिथे ट्रेलर जागेत मागेच घालावा लागतो.

मुलगी कॅरिन मिनेसोटातल्या डुलुथहून विमानाने आली, ती खोलीच तयार करून.

"आई, तळघर रंगवून घेतलंय. पिवळं. तुला आवडतं ना पिवळं?"

"तुझ्या बाबांना आवडायचं."

"खिडकी आहे त्याला."

"कुठे उघडते?"

"उघडत नाही गं. पण उजेड येतो."

बाईंनी कॉफी ओतली. मुलीचं प्रेम खोटं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. म्हणून तर बोलणं अवघड होतं. मग कॅरिनच म्हणाली, "हे बघ, भांडायचं नाही. उद्या तू हा ट्रेलर इथून काढ आणि समोरच्या मोकळ्या जागेत मागे घालून दाखव. एकटीने. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर विकायचा आणि माझ्यासोबत यायचं."

"ठरलं," ट्वायलाबाई म्हणाल्या. "पण एक ऐक. इथल्या लोकांनी मला फार दिलंय. मला जाता आलं, तरच इथे परत येता येईल. नाहीतर मी त्यांच्याकडे ठेवलेलं सामान आहे."

दुसऱ्या दिवशी आख्खा कॅम्प खुर्च्या घेऊन हजर. कुणी मक्याचा पाव आणला होता, कुणी कुत्रं. समोरची जागा तशी अवघडच, एका अंगाला मेस्किटचं काटेरी झाड आणि दुसऱ्या अंगाला विजेचा खांब. पैजा लागल्या, सल्ले सुरू झाले.

"स्टिअरिंगच्या तळाला हात धर, ट्वायला! शेपूट जिकडे हवं, हात तिकडे!"

"छे, वरच धर! तळाला धरलं की गोंधळ होतो!"

"सावकाश!"

"फार सावकाश नको, मग अडकतेस!"

बाईंनी चाकांखालच्या पाचरी काढल्या, पायरी आत ढकलली, गाडी सुरू केली आणि ऐटीत पुढे घेतली. मागे फटकन आवाज झाला आणि पाण्याचा फवारा थेट नदीनच्या केसांवर. नळाला जोडलेला पाण्याचा पाइप कुणी काढलाच नव्हता. इतके जाणकार उभे, एकालाही दिसला नाही.

"बघितलंस, आई?" कॅरिन हळूच म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता, काळजी होती, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

नळ बंद झाला. बाईंनी ट्रेलर समोर आणला आणि मागे घ्यायला लागल्या. पहिल्यांदा झाडाकडे गेला. पुढे घेतला. दुसऱ्यांदा मधेच अशी घडी पडली की पिकअप आणि ट्रेलर एकमेकांचं तोंड बघायला लागले. पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा खांब इतका जवळ आला की सगळे सल्ले एकदम गप्प झाले. बाईंनी ब्रेक दाबला. बंद गाडीतल्या तालमीत मागे उभी असलेली ट्वायला सगळं बघायची. इथे मागे कुणीच नव्हतं.

त्या उतरल्या. उतरून बघायला पुरुषांना लाज वाटते, त्यांना वाटली नाही. ट्रेलरला सबंध फेरी मारून त्या माझ्या खोक्याशी थांबल्या. मी, कॅम्पातलीच एक पोर, त्यावर बसून शेजारच्या मुलांना नदीनच्या किंचाळण्याची नक्कल करून दाखवत होते.

"काय गं, पैज कुणावर लावलीस?"

"खरं सांगू, मिस ट्वायला? कॅरिनवर."

"हरलीस तर?"

"निघायच्या दिवशी तुमचा घाणीचा पाइप मी सोडवीन. धुवीनसुद्धा."

"आणि मी हरले तर?"

"तर इथल्या सगळ्यांच्या नकला मी तुम्हाला डुलुथला फोनवर करून दाखवीन. रोज. तुम्हाला तिथे करमावं म्हणून."

बाई हसल्या. मग वळून म्हणाल्या, "कॅरिन, इकडे ये. या कोपऱ्यावर उभी राहा."

"मी? मला यातलं काही कळत नाही, आई."

"कळायचं काही नाही. मला आरशात दिसत राहा. दिसेनाशी झालीस की मी थांबेन. ही बाजू नदी, ती डोंगर. बस."

"अहो, पण एकटीने ठरलं होतं!" रोलंड खुर्चीतून ओरडला.

"एकट्याने कुणीच मागे घेत नाही, रोलंड. हारलननेही कधी घेतला नाही," बाई म्हणाल्या. "तुला नाही पटत, कॅरिन?"

कॅरिनने आईकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. ती नुसती गप्प उभी राहिली, तरी ट्रेलर खांबाला लागणार होता. पिवळी खोली जिंकलीच होती. ट्रेलर मागे सरकायला लागला. सरकला, सरकला, कोपरा खांबाच्या रोखाने वळला, आणि कॅरिनने दोन्ही हात वर केले.

"थांब! आई, थांब! नदीकडे! अजून नदीकडे! हं… ये. ये. डोंगराकडे थोडा… ये गं ये… बास!"

खुर्च्या उलटल्या, कुत्रं भुंकलं. ट्रेलर सरळ उभा होता, दोन्ही बाजूंना माणूस चालेल एवढी जागा सोडून. ट्वायलाबाई खाली उतरल्या. मुलगी तशीच हात वर धरून उभी, गाल ओले.

"आभारी आहे, बाईसाहेब," आई म्हणाली.

"ठरल्याप्रमाणे एकटीने नाही झालं हे," रोलंड पुन्हा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" कॅरिन त्याच्यावरच उखडली. "झालंय ते. मी बघितलंय."

विमान चुकवून ती आणखी चार दिवस राहिली. तळघराचा विषय निघाला तो एकदाच, आणि तो कॅरिननेच काढला: बर्फ पडायच्या दिवसांत नाही, पण जुलैत आई येऊन राहील का, ट्रेलर अंगणात लावून? बाई म्हणाल्या, अंगणात मागे घ्यायला जागा आहे का ते आधी मोजून कळव.

मी पैज हरले होते. निघायच्या सकाळी सांडपाण्याच्या तोंडाशी मी गुडघ्यांवर बसले, श्वास रोखून पाइप सोडवला, नळाखाली धरला आणि आतून बाहेरून धुतला. ट्वायलाबाई वर उभ्या राहून बघत होत्या.

"दुसऱ्या टोकाकडूनही, बाळा," त्या म्हणाल्या. "उन्हाळाभर तो माझ्याबरोबर येणार आहे."

मी दुसऱ्या टोकाकडूनही धुतला.