उतरताना राहून गेलेला झेंडा

सत्तावन-अठ्ठावन साल असेल. मी सरकारी प्रचारगाडीवर सिनेमाचा ऑपरेटर होतो. चांद्याच्या जंगलात वाघांनीही माझे खेळ पाहिलेत. फुकट होते म्हणून शेवटपर्यंत बसायचे.

सावलीजवळच्या एका गावी भातगिरणीच्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून, भर दुपारी खेळ लावला. फिल्म आफ्रिकेतल्या, इंग्रजांकडून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाची. त्याचं नाव जिभेवर बसेना, म्हणून मी दर गावी नवीन सांगे. आधीच्या अशा फिल्मांत गोरा साहेब मधोमध आणि तिथली माणसं कडेला नाचताना. हिच्यात उलटं. साहेब कोपऱ्यात अर्धा कापलेला, आणि मधोमध टोपलीवाली बाई, थेट आपल्याकडे बघणारी. कॅमेरा त्यांच्याच माणसाच्या हातात आलाय, हे मी फिल्मसोबतचा कागद न वाचता ओळखलं.

साहेबाचा झेंडा उतरला आणि गोदाम गरजलं, "वन्स मोअर!" आमच्या झाडीपट्टीत नाटकातल्या मेलेल्या राजालाही उठून पुन्हा मरावं लागतं. पण हा सिनेमा. मी दुर्लक्ष करणार, तोच एक म्हातारे उठले. बेचाळीसला नदीपलीकडच्या कचेरीवरून हाच झेंडा काढायला चढले आणि तुरुंगात गेले, ते हे.

"बापू, एकडाव अजून दाखव. सत्तेचाळीसले तो उतरला, तवा मी वैनगंगेच्या पुरानं अलीकडंच अटकलो. आता पाहाले बसलो तं पुढच्याचं मुंडकं आडवं आलं."

मी घाईत मशीन उलटी फिरवली. दिवा बंद करायचा राहिला. उतरलेला झेंडा सरसर वर चढला. साहेब उलट्या पावलांनी परत आला.

"अबे, हा तं वापस आला!"

"काऊन बे, कोनं बलावलं त्याले?"

एक चप्पल पडद्यावर बसली. त्या आरडाओरड्यानं गिरणीचं छप्पर दोन वीत उचललं गेलं. मी मोजलं नाही, पण ऊन आत आलं होतं.

म्हातारे मात्र वरच्या झेंड्याकडे बघत मशीनपाशी आले. "उतरव नं, बापू."

मी मशीन थांबवून त्यांचं बोट सुलट फिरवायच्या खटक्यावर ठेवलं. "तुम्हीच उतरवा, भाऊ."

त्यांनी खटका दाबला. झेंडा खाली आला. पार खाली. मग त्या देशाचा नवा झेंडा वर जाऊ लागला, तसे ते धोतर सावरत दाराकडे निघाले.

"भाऊ, नवा नाई पाहात?" मी विचारलं.

"चढताना आपला पाह्यला हाये मी," ते म्हणाले. "उतरतानाच राह्यला होता."